चार मिलिमीटरचं कूळ

संग्रहालयाच्या तळघरात दगड कापणाऱ्या बाईला सगळे चकतीबाई म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकात होतं, पण कारकुनाने ते तिथंही दोनदा चुकवलं, तेव्हापासून तिने त्या कारकुनाशी बोलणं टाकलं होतं. चकती म्हणजे कडेला हिऱ्याची पूड बसवलेलं पोलादी पातं. ते गरगर फिरतं, वरून पाण्याची धार पडत राहते आणि दगड लोण्यासारखा दुभंगतो. लोण्यासारखा, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. ज्याने तो पात्याखाली लावलेला असतो त्याला विचारा.

बाईचा राग नाकावर, मान ताठ, आणि तोंडाचा पट्टा असा की वरच्या मजल्यावरची माणसं काम असलं तर जिन्यावरूनच हाक मारायची, खाली उतरायची नाहीत. शिक्षण सातवीपर्यंत. पुढे अकरा वर्षं नव्या इमारतींमधल्या फरश्या घासण्यात गेली. संग्रहालयात ती आली तीही व्हरांड्याची फरशी घासायलाच. एका दुपारी तिच्या यंत्राखाली फरशीत काहीतरी लांब, निमुळतं, आडव्या रेघांचं चमकायला लागलं. ती वाकून बघतेय तोच समोरच्या दारातून जाड चष्म्याची एक बाई धावत आली.

"थांबा! थांबा! त्याला घासू नका!"

"कुणाला?" हिने यंत्र बंद केलं. "इथं माझ्याशिवाय चिटपाखरू नाही."

चष्म्याच्या बाई म्हणजे जीवाश्म विभागाच्या डॉक्टरबाई. औषधं देणाऱ्या नव्हेत, दगडांतले मेलेले प्राणी ओळखणाऱ्या. त्यांनी फरशीवर बसकण मारली आणि बोटाने दाखवत सांगितलं की हा पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी आहे, आजच्या ऑक्टोपसच्या खापरपणजोबाचा खापरपणजोबा, आणि हे त्याचं राहतं घर, त्याचा शंख.

"शंख? हे तर गाजर आहे," बाई म्हणाली.

"तेव्हा सरळ शंखाचे असत पुष्कळ."

"असतील. पण कापणाऱ्याने घाण केलीय. अर्धं बोट अलीकडून कापला असता तर आतल्या सगळ्या खोल्या दिसल्या असत्या. असल्या शंभर फरश्या गेल्यात माझ्या हाताखालून, पण नीट कापलेलं गाजर एकाही फरशीत नाही."

डॉक्टरबाई फरशीकडे बघायच्या सोडून तिच्याकडेच बघत राहिल्या. आठ दिवसांनी फरशीचं यंत्र दुसऱ्याच्या हातात गेलं आणि ती तळघरातल्या चकतीपुढे उभी राहिली.

त्या शंखांचं असं असतं की बाहेरून सगळे एकाच पोत्यातले. भेद सगळा आत. आत पडद्यांनी पाडलेल्या खोल्या, एकीमागे एक, आणि त्या सगळ्यांतून आरपार गेलेली एक नळी. प्राणी स्वतः राहायचा शेवटच्या मोठ्या खोलीत. मागच्या खोल्यांतलं पाणी तो त्या नळीवाटे ओढून घ्यायचा, खोल्या हलक्या व्हायच्या आणि गडी एवढं जड घर पाठीवर घेऊन समुद्रात तरंगायचा. ती नळी मधोमध आहे की कडेला, सरळ आहे की खोलीखोलीत फुगलेली, तिच्या आत काय साचलंय, यावरून डॉक्टरबाई त्या प्राण्याची जात, प्रजाती आणि कूळ ठरवायच्या. त्यांचं सगळं शास्त्र एका नळीवर उभं, आणि नळी नीट दिसणार की नाही ते चकतीबाईच्या हातावर. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच उमगलं होतं, आणि उमगल्यापासून ती ते कुणालाही विसरू देत नसे.

"वाचतात डॉक्टरबाई," ती म्हणायची, "पण पुस्तक उघडून कोण देतं?"

नऊ वर्षांत तिने सव्वातीनशे शंख उघडून दिले. त्यांची वर्गवारी लावून डॉक्टरबाईंनी लाकडी कपाटाचे बारा खण भरले. बाराव्या खणात फक्त तीन नमुने होते, पण डॉक्टरबाईंचा जीव त्या तिघांत. त्यांच्यासारखी नळी जगात कुणालाच सापडलेली नव्हती. त्या तिघांचं एक स्वतंत्र कूळ मांडणारा लेख तयार झाला होता आणि गुरुवारी तो रवाना व्हायचा होता.

आता तळघराच्या दारावरच्या नियमाचं सांगायला हवं. संग्रहालयाच्या अधीक्षकांना नियमांची भारी हौस. त्यांनी ठळक अक्षरांत लिहून लावलं होतं की नोंदवहीतला नमुना ज्याच्या हातून बिघडेल त्याने पुन्हा यंत्राला हात लावायचा नाही, त्याला मूळ कामावर धाडलं जाईल. चकतीबाईचं मूळ काम म्हणजे फरशी आणि गुडघे. पण नऊ वर्षांत तिच्यावर ती वेळ आली नव्हती, त्यामुळे नियमाखालून ती रुबाबात जा-ये करायची.

सोमवारी संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर तिने नवऱ्याला बातमी दिली. नवरा नळकाम करणारा. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालेलं, पण जीभ सरळ.

"नवं कूळ निघतंय तीन गाजरांचं. तिन्ही मी कापलेली."

"अरे वा. मग बारशाला कुणाकुणाला बोलवायचं?"

"थट्टा नको. जगात नाही तसली नळी आहे त्यांची. आमच्या सातव्या खणातल्यांची नळी फुगीर, मण्यांच्या माळेसारखी, पण मण्याला मणी जोडलेला. या तिघांचे मणी सुटे. एका खोलीत एक मणी, मग पडदा, पलीकडच्या खोलीत दुसरा मणी. मध्ये काही नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "काही नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, पडद्यापाशी ती केसाएवढी बारीक होत असणार."

"आणि त्या केसातून सगळ्या घराचं पाणी ओढायचं? अगं, कुणी जोडणी करून दिली त्या बिचाऱ्याला? एका आठवड्यात तुंबली असती."

"तुम्ही तुमच्या तोट्या बघा. पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या कामात नाक खुपसू नका."

"पाणी तेव्हाही पाणीच होतं ना?"

यावर तिने ताटली अशी आपटली की शेजारच्यांनी भिंत वाजवली. नवऱ्याचं चुकलं असतं तर ती नुसती हसली असती. ताटली आपटली, कारण त्याचं बरोबर होतं.

मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी कामावर पोचली आणि बारावा खण ओढला. तिन्ही तुकड्यांवर तिच्याच हातचे पांढऱ्या रंगातले आकडे होते, चौदा, पंधरा, सतरा. म्हणजे अगदी पहिल्या महिन्यातले. आकडे बघताच तिला तो महिना आठवला.

दगड धरून ठेवणाऱ्या शिकंज्याचा जबडा चौदाव्या नमुन्याच्या वेळी तुटला होता. दगड घसरायला लागला. ती नवी, नवा शिकंजा मागायची चोरी. मग तिने आपल्या जुन्या चपलेच्या तळव्याची रबरी पट्टी कापून दगड आणि शिकंज्याची भिंत यांच्यामध्ये दाबून बसवली. दगड घट्ट बसला. आपल्या डोक्यावर ती स्वतःच खूश झाली. अठराव्या नमुन्याला नवा शिकंजा आला, पट्टी कचऱ्यात गेली. मधल्या सोळाव्यात नळीच नव्हती, नुसता चुना निघाला होता. पण मोजमाप ती भिंतीपासून धरायची, आणि दगड तर पट्टीच्या जाडीएवढा सरकलेला होता. म्हणजे चौदा, पंधरा आणि सतराच्या वेळी पातं मधोमध गेलंच नव्हतं. बाजूने गेलं होतं. आणि फुगीर नळी बाजूने कापली की काय होतं? फुगवटे कापले जातात, त्यांच्यामधल्या बारीक माना पात्याखाली येतच नाहीत, त्या दगडातच राहतात. मणी दिसतात, दोरा दिसत नाही.

जगात न सापडलेलं कूळ तिच्या चपलेतून निघालं होतं.

तिने खण लोटला. दारावरचा नियम तिने आजवर कधी वाचला नव्हता, तो आता शब्द न शब्द वाचला. बोलली तर चकती गेली. पात्याचा आवाज बदलला की आत पोकळी आहे हे कळणं, ओला तुकडा उलटा केला की पंचेचाळीस कोटी वर्षांत कुणी न बघितलेली खोली सगळ्यात आधी आपण बघणं, हे सगळं गेलं. न बोलली तर कुणाला कळणार होतं? त्या तिघांचे दुसरे अर्धे भाग घासून घासून सूक्ष्मदर्शकाखाली घालायला पातळ चकत्या केलेल्या, त्या भागांत नळीची मान मुळातच नव्हती. पट्टी तर केव्हाच कचऱ्यात गेलेली. गुरुवार जाऊ दे, की मिटलं, असं तिने ठरवलंसुद्धा.

दुपारी ती पाण्याची बादली घेऊन डॉक्टरबाईंच्या टेबलाजवळून चालली होती. टेबलावर लेखातला मोठा फोटो होता, वहीच्या पानाएवढा. नंबर पंधरा. त्याखाली छापलं होतं, 'शंखाच्या मधोमध घेतलेला उभा छेद'.

मधोमध! बाईचा चेहरा तापला. नऊ वर्षांत तीनशेच्या वर काप नजर लागावी असे केलेले, त्यातला एकही कधी छापला नाही. आणि छापायला घेतला कोणता, तर हा! आपला सगळ्यात भिकार काप वहीच्या पानाएवढा मोठा होऊन जगभर फिरणार, आणि जिथे म्हणून डोळे असलेला एखादा कापणारा असेल तिथे तो म्हणणार, ही कोण आंधळी? फरशी परवडली, पण हे नाही.

तिने बादली खाली ठेवली. "डॉक्टरबाई, हे मधोमध नाही."

"काय मधोमध नाही?"

"हा काप. चार मिलिमीटर बाजूने गेलाय. तिन्ही गेलेत." आणि तिने पट्टीची सगळी हकिकत एका दमात सांगून टाकली, चपलेसकट.

डॉक्टरबाई आधी हसल्या. मग हसू मावळलं. "अहो बाई, एकाच नमुन्यात असतं तर मीसुद्धा म्हटलं असतं की काप चुकला. तिन्ही नमुन्यांत तीच ठेवण आहे! तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा..."

"तिघांना एकाच बाईने पढवलंय. मी."

"चार वर्षं घातलीत मी या कुळावर!"

"आणि मी चप्पल घातली. पण खरं काय ते बघायचं की नाही? उरलेल्या अर्ध्या भागात नळीचा मध्य अजून जिवंत आहे. चार मिलिमीटर घासते. माना असतील तर उघड्या पडतील."

"आणि नसल्या तर? हाच पृष्ठभाग मी वर्णन केलाय, हाच फोटोत आहे. तो तू घासून टाकणार आणि मी हात चोळत बसणार? तुला कळतंय का काय बोलतेस ते?"

"मला 'तू' म्हणायचं नाही," चकतीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्त लागला. "नऊ वर्षांत म्हणाला नाहीत, आज म्हणायचं नाही."

डॉक्टरबाईंनी फोटो उचलला, लेन्स लावली, मणी बघितले, माना असायला हव्यात ती जागा बघितली. नंतर त्या उठून निघून गेल्या. चकतीबाईला वाटलं, संपलं.

बुधवारी सकाळी डॉक्टरबाई तळघरात उतरल्या. डोळे लाल. हातात पंधरा नंबर. चौदा आणि सतरा नव्हते.

"एकच," त्या म्हणाल्या. "आणि मी इथून हलणार नाही."

"बसा. तो स्टूल डगमगतो, भिंतीला टेका."

हे काम चकतीवर करायचं नसतं. चकती एका झपाट्यात हवं तेही खाऊन टाकते. बाईने जाड काचेवर कुरुंदाची खरखरीत पूड टाकली, पाणी शिंपडलं आणि तुकडा पालथा घालून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायला लागली. थोडं घासायचं, धुवायचं, जाडी मोजायची, बघायचं. अर्धा मिलिमीटर गेला. मणी तेवढेच सुटे. फोटोतला पृष्ठभाग काचेवरच्या राखाडी चिखलात मिसळून गेला होता, आता माघार नव्हती.

"थोडे मोठे दिसतायत का हो मणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ओले आहेत म्हणून. खोटं समाधान करून घेऊ नका."

एक मिलिमीटर. काही नाही. चकतीबाईच्या कपाळावरून घाम काचेवर टपकायला लागला. पट्टीची जाडी ती आठवणीतून सांगत होती, आणि नऊ वर्षांपूर्वीच्या चपलेची आठवण ती काय. दारात सावली पडली. अधीक्षक जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आले होते, नोंदीतला नमुना खणाबाहेर असल्याचं त्यांना कुणीतरी कळवलं असणार. ते काही बोलणार तेवढ्यात दोघी बायांनी मान न वळवता एकदम "श्श!" केलं आणि ते तिथेच थांबले.

सव्वा मिलिमीटरला बाईने तुकडा धुतला, उजेडात धरला, निरखला. डॉक्टरबाईंच्या हातात दिला.

दोन मण्यांच्या मध्ये पडद्याला छेदून एक पुसट, पांढुरकी रेघ उमटली होती. पुढच्या दोन मण्यांच्या मध्येही. तिसऱ्याही. दोन मिलिमीटरला रेघेची गल्ली झाली, चारला रस्ता. मण्याला मणी जोडलेला, सातव्या खणातल्यांसारखा हुबेहूब.

डॉक्टरबाई स्टुलावरून घसरून खालीच बसल्या. चकतीबाईला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"उद्या हे जगभर गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि दहा वर्षांनी कुणीतरी परक्याने मला दाखवून दिलं असतं! बाई, तुमचे पाय धरू की तुम्हाला बदडून काढू, ते सांगा."

"आधी उठा. चिखलात बसलायत."

अधीक्षकांनी मात्र सगळं ऐकलेलं. "म्हणजे तीन नमुने तुमच्या हातून बिघडले होते," ते म्हणाले.

"त्यांनी आपण होऊन सांगितलं आहे!" डॉक्टरबाई उसळल्या.

"होऊन सांगितलं की पकडलं, असा फरक नियमात नाही."

"राहू द्या, डॉक्टरबाई," चकतीबाईने एप्रन सोडून खिळ्याला अडकवला. "साहेब, नियम मला पाठ आहे. दारावर तुम्ही लावलात, पण ठोकलाय मी. एक मात्र लिहून घ्या. तुमच्या वहीत बिघडवणाऱ्याचा रकाना आहे, चूक शोधणाऱ्याचा नाही. तो पाडा. आणि त्यातही माझंच नाव लिहा, या खेपेला नीट."

गुरुवारी ती पुढच्या दालनात गुडघ्यांवर होती. लेख काही गेला नाही. नवऱ्याने विचारलं, "मी तोंड उघडलं म्हणून झालं ना हे?" तर ती म्हणाली, "तुमच्या तोंडाने जगात काही झालेलं अजून मी बघितलं नाही," आणि त्याच्यापुढे पहिली ताटली वाढली. गुडघे दुखत होते, चकतीची आठवण यायची, पण मान ताठच होती. तिकडे डॉक्टरबाईंनी बारावा खण रिकामा करून तिघांना सातव्यात जागा करून दिली आणि मग सगळेच खण पुन्हा बघायला घेतले. एकदा शंका शिरली की ती काय एका खणात राहते? दुसऱ्या संग्रहालयांतून आलेल्या तुकड्यांवर तर कुठे काय सरकलं होतं देव जाणे. बाजूने गेलेला काप ओळखायचा कसा, हे कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं. त्याची खूण हवी, नमुने हवेत, एक मिलिमीटर चुकलं तर नळी कशी दिसते, दोन चुकलं तर कशी, चार चुकलं तर कशी.

सोमवारी त्या अधीक्षकांपुढे जाऊन बसल्या. बिनानोंदीचे, ढिगातले वीस शंख हवेत, आणि ते चुकीचे कापून हवेत. मोजून चुकीचे.

"चुकीचे कापणारा मी कुठून आणू?" अधीक्षक म्हणाले.

"तो आपल्याकडे आहे. फरशी घासतोय."

अधीक्षकांनी नियम उलटा वाचला, सुलटा वाचला. नोंदीतला नमुना बिघडवल्यास यंत्राला हात लावायचा नाही, हे खरं. पण बिनानोंदीचा नमुना वरिष्ठांच्या लेखी हुकमाने बिघडवण्याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. नियमांचा माणूस तो, हुकूम लिहायची संधी कशी सोडणार? संध्याकाळपर्यंत सहीशिक्क्याचा कागद खाली आला. सदर कर्मचाऱ्याने पुढील आदेशापर्यंत यंत्रावर चुकीचे काप करावेत. खाली चकतीबाईचं नाव होतं, आणि काना-मात्रेसकट बरोबर होतं.

तिने कागद दोनदा वाचला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि एप्रन बांधला. डॉक्टरबाई वही-पेन्सिल घेऊन भिंतीला टेकून बसल्या. पहिला दगड शिकंज्यात चढला.

"चार मिलिमीटर बाजूने," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

पाणी सुटलं, चकती सणसणत उतरली, दगड दुभंगला. बाईने ओला तुकडा उलटा केला. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, मण्याला मणी लागलेली, कुणी आरशात भांग पाडावा तशी सरळ.

"बाई, हा मधोमध गेला."

"दिसतंय मला."

दुसरा दगड. मोजपट्टी लावली, खूण केली, पण शेवटच्या क्षणी शिकंजा आवळताना बोटांनी आपली आपणच दगडाला हलकासा धक्का दिला. पुन्हा मधोमध. डॉक्टरबाईंनी तोंडावर वही धरली, पण खांदे हलत होते ते दिसत होतं.

"हसा, हसा," चकतीबाई खेकसली. "नऊ वर्षांचं वळण आहे हाताला. साहेबांच्या एका कागदाने मोडतंय होय?" आणि तिने तिसरा दगड उचलला.